दोघांचा तंबू

तंबू दोघांचा होता. कंपनीनं तसं ठसठशीत छापलंही होतं, पण कंपनीला रॉली ब्रेडेसन माहीत नव्हता.

रॉली हा आर्लिसचा दीर. एकटा जीव, पण पसारा वऱ्हाडाचा. पाण्याखालचे मासे दाखवणारा कॅमेरा, त्याची बॅटरी, रेडिओ, गळांच्या दोन पेट्या, आणि फाटलीच तर म्हणून आणखी एक विजार. अमेरिकेतल्या मिनेसोटातलं टॅमरॅक तळं गोठलं की हे सगळं आर्लिस आणि तिचा नवरा मर्टन यांच्या बर्फावरून ओढायच्या घसरगाडीत चढायचं. गाडीतच दोन खुर्च्या होत्या. मागचं कापड कमानींसकट डोक्यावरून पुढं उलटवलं की झाला तंबू. खुर्च्यांसमोर बर्फात दोन भोकं, आणि भोकांवर दोघे भाऊ. आर्लिस दाराशी, उपड्या बादलीवर.

खरं तर तिघांत मासेमारी येत होती ती तिलाच. ती या तळ्याच्या काठावर वाढली. मासा आमिषाला नुसतं नाक लावून गेला तरी तिच्या बोटांना कळायचं. पण लग्नानंतर तिच्या वाट्याला काय आलं? वारा शिरू नये म्हणून तंबूच्या झालरीवर बर्फ ओढायचा, शेगडी सांभाळायची, मासे तळायचे. गेल्या हिवाळ्यात तिच्या पायाची दोन बोटं पांढरीफटक पडली. पुन्हा गारठली तर कापावी लागतील, असं डॉक्टरनं बजावलं. आता आत जागा मिळाली तरच तळं, नाहीतर कायमचं घर.

"यंदा तू आत," मर्टननं घरी सांगितलं होतं. "रॉली बसेल बादलीवर."

तळ्यावर पोचताच रॉलीची कंबर धरली.

"बादलीवर नाही जमायचं बुवा मला," म्हणत तो खुर्चीत रुतला. मर्टननं दुसरी खुर्ची झटकली आणि आर्लिसकडे पाहिलं. "बसतेस?"

"नको, तू बस," ती म्हणाली.

तो बसला!

त्या भागात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, ही तिथली रीत. पाहुणा केकचा तुकडासुद्धा असाच घेतो. मर्टनला हे काय नव्यानं सांगायचं होतं?

आर्लिस मुकाट्यानं बादलीवर बसली. पण बादलीच्या जागी रॉलीची बॅटरी आली होती, म्हणून बादली सरकली आणि तिचे पाय दाराबाहेर गेले. शेगडीजवळची ऊब कॅमेऱ्याला मिळाली.

"तो बंद पडतो गं थंडीत," रॉली म्हणाला. "नाजूक वस्तू आहे."

"आणि मी काय बिडाची आहे?"

दोघे हसले. आर्लिस आज भारी फॉर्मात आहे, असं रॉली म्हणालासुद्धा.

"झालर तेवढी दाबून घे," मर्टन म्हणाला. "वारा शिरतोय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बाहेर आली, फावडं उचललं आणि दहा हात लांब भिरकावून दिलं. झालरीवर बर्फाचा एक कणही टाकला नाही.

तेवढ्यात लांब आणखी एका भोकात सोडून ठेवलेल्या गळाची झेंडी उभी राहिली. मासा लागला! झेंडी उठली की तिथला माणूस जेवणाचं ताट टाकून पळतो. दोघे भाऊ धावत सुटले, आणि कंबर धरलेला रॉली सर्वांत पुढं.

आर्लिस आत शिरली. कॅमेरा बाहेर. बॅटरी बाहेर. रेडिओ, पेट्या, विजार, सगळं बाहेर. शेगडी तेवढी विझवून आत ठेवली. झालर मोकळीच होती. तिनं कापड मागं उलटवलं, बर्फात भोक पाडायचं गिरमिट गाडीत टाकलं आणि दोर खांद्याला लावून निघाली.

"आर्लिस! अगं, काय करतेस?" मर्टन लांबून ओरडला.

तिनं मान वळवली नाही.

लव्हाळ्यांच्या टोकापाशी तिनं भोक पाडलं, तंबू उलटवला, शेगडी पेटवली आणि पाय उबेला धरून गळ सोडला.

थोड्या वेळानं मर्टन धापा टाकत आला आणि न विचारता शेजारच्या खुर्चीत बसला.

"रॉली थंडीत कुडकुडतोय तिकडं. असलं काही करायच्या आधी सांगायचं तरी."

"काय सांगायचं?"

"हेच, की तुला आत बसायचंय. मी दर वर्षी विचारतो. तूच नको म्हणतेस."

"एकदा विचारतोस," ती म्हणाली. "सकाळी रॉलीला कॉफी किती वेळा विचारलीस?"

मर्टन आठवू लागला. त्यानं तिन्ही वेळा विचारलं होतं, आग्रह करून, खांद्यावर हात ठेवून. हे त्याच्या चेहऱ्यावर उमटताना तिनं पाहिलं, पण तिचा राग काही उतरला नाही. उलट वाढलाच. रीत त्याला पाठ होती. फक्त ती परक्यांसाठी होती, भावासाठी होती, तिच्यासाठी नव्हती.

"बरं, चुकलं," तो म्हणाला. "आता बस की इथंच. मी आहे बाजूला."

"ऊठ," आर्लिस म्हणाली.

"कशाला?"

"मला पाय पसरायचेत."

तो उठला. तिनं दोन्ही पाय त्या खुर्चीवर ठेवले आणि पाण्यात उतरलेल्या गळाच्या दोरीवर बोट टेकवलं.