प्रवेश फुकट

दारात बोर्ड उभा राहिला आणि इंडोनेशियाच्या रत्नाबाई पायरीवरच थांबल्या. मागे त्यांच्या बारा नर्तकी, दागिन्यांसकट उन्हात.

बर दुबईच्या हॉलमध्ये इंडोनेशिया-मलेशिया मैत्रीची संध्याकाळ होती. इव्हेंट कंपनीतर्फे बोर्ड, स्टेज सगळं माझ्याकडे. पाहुणे यायला दीड तास होता.

"हे कोणी लिहिलं?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"मासुक पर्चुमा. म्हणजे प्रवेश विनामूल्य ना?" मी बोर्डावरचं वाचून विचारलं.

मजकूर मलेशियाच्या फरीदसाहेबांनी दिला होता. प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, मी त्यांनाच दाखवलं होतं. दोघांची भाषा मुळात एक, मग दोनदा कशाला विचारायचं? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

"त्यांच्या मलयमध्ये विनामूल्य. आमच्या इंडोनेशियात पर्चुमा म्हणजे व्यर्थ. या आत, पण व्यर्थ!"

मी फरीदसाहेबांना बोलावलं. ते हसले. बाई हसल्या नाहीत.

"माझ्या आजीची बहीण लग्न होऊन तुमच्या मलाक्क्याला गेली," त्या त्यांना म्हणाल्या. "साठच्या दशकात आपले देश भिडले. बोटी बंद, पत्रं बंद. आजी रोज धक्क्यावर जाऊन बसायची. समेट झाल्यावर लगेच निघाली, तर बहीण आधीच वारलेली. परत येऊन आजी एवढंच बोलली, पर्चुमा. त्या शब्दाखालून मी आज नाचायला जाऊ?"

फरीदसाहेब माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "यल्ला, चल, उतरव तो बोर्ड."

"दोघांना चालेल असं काय लिहू?"

"सलामत दातांग," दोघं एकदमच म्हणाले. सुस्वागतम. खाडीपलीकडच्या देऱ्यातल्या आमच्या वर्कशॉपने तासाभरात नवीन अक्षरं कापून चिकटवली. बाई आत गेल्या. नाच बघताना फरीदसाहेब डोळे पुसत होते.

निघताना बाईंनी विचारलं, "तुमच्या भाषेत पर्चुमाला काय म्हणतात?"

"फुकट."

"त्यांचा अर्थ की आमचा?"

"दोन्ही," मी म्हणालो, आणि म्हणतानाच चपापलो.

"मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं!"

धंद्यातला धडा सोपा आहे. भाषा एक असली तरी प्रूफ दोन्ही घरांना दाखवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल बर्शाहून मेट्रोत बसलो. धक्क्यावरची ती आजी काही डोक्यातून जाईना. सांगलीला एकट्या असलेल्या आईची फार आठवण आली. फोन लावला.

"कधी येतोस रे?"

तीन वर्षं मी यावर 'इन्शाल्ला' म्हणत आलो होतो. आताशा तो शब्द तीच माझ्याआधी म्हणते. त्या दिवशी मी तारीख सांगितली. पलीकडे ती तारीख तिने दोनदा म्हणून पाहिली.