फोटोपुरती खुर्ची

टोकियोजवळच्या उरायासुत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा श्याम तोयोसुच्या एका आयटी कंपनीत आहे. माणूस मनाने वाईट नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

टोकियोतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्याने एक चिनी खुर्ची आणली. लालसर, दगडासारखं घट्ट लाकूड, एकही खिळा नाही. पाठ आणि हात मिळून एकच गोल वळण, तेही तुकडे एकमेकांत अडकवून केलेलं. नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. येईल त्याला श्याम ऐकवायचा, "पॉलिश नाहीये हे! पिढ्यान्पिढ्या माणसं बसली, हात फिरले, म्हणून ही झळाळी." आणि खुर्चीपुढची लाल दोरी सारखी करायचा. बसायची कुणालाच परवानगी नव्हती.

मग त्याचे वडील, नंदकिशोरकाका, पुण्याहून आले. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. घरात जपानी बुटकं टेबल आणि जमिनीवर गाद्या. काकांना एवढंच हवं होतं, टेकायला जरा उंच जागा. आल्या आल्या ते खुर्चीकडे वळले, तर नात ज्ञानदा किंचाळली, "दामे! आजोबा, नो!" काका ओशाळले. पुढे बाथरूममधल्या प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसू लागले. उठताना सून अनघा हात द्यायची.

"अरे, एखादी साधी खुर्ची आण की त्यांना," मी म्हटलं.

"हिच्या शेजारी? शोभेल का?"

काकांना पंचाहत्तर पूर्ण झाली. औक्षण करायचं, पण पाटावर बसता येईना. अनघाने हट्ट धरला तेव्हा श्यामने दोरी सोडली. काकांचा चेहरा असा फुलला, की मलाच भरून आलं. तेवढ्यात मोबाइल रोखत श्याम म्हणाला, "बाबा, वजन टाकू नका हं. बैठकीचा वेत जुना आहे. जरा अधांतरी राहा, फोटोपुरतं. आणि खुर्चीच्या हातांवर जोर नको, तिथे सांधे आहेत."

काका अधांतरी राहिले. मांड्या लटलट कापत होत्या. अनघाने घाईघाईने ओवाळलं.

"हसा ना, बाबा. अजून एक, हललात तुम्ही."

काका हसले, आणि गुडघ्यांनी दगा दिला. तोल गेला की माणूस मागे टेकतो. ते टेकले असते तर सुखाने बसले असते, पिढ्यान्पिढ्या माणसं बसली तसे. त्यांनी अंग पुढे लोटलं आणि खुर्ची वाचवली. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. श्याम धावला, आणि आधी खुर्चीचा पाय चाचपला. त्या क्षणी मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. 'काय थाटात बसलेत! मुलगा असावा तर असा!'

ऑपरेशननंतर काका परत निघाले. विमानतळावर त्यांना व्हीलचेअरवर बसवलं. दोन्ही हात टेकून, अंग सैल सोडून ते जरा मागे रेलले. मग दचकून सावरले आणि श्यामला विचारलं,

"वजन टाकलं तर चालेल ना रे?"