चवळीखाऊंचा दुभाषा

सोमवार, ४ नोव्हेंबर १९६८. महिना सहा हजार सातशे पन्नास फ्रँक. या पगारावर झान कुलिबाली तिएनबुगु गावात दुभाषा म्हणून कामाला लागला आणि त्याच दिवसापासून त्याच्या बायकोने, न्येलेने, रोज टोपलीभर भुईमूग भाजून ठेवायला सुरुवात केली. पगारदाराच्या दारात माणसे बसायला येणारच.

पगार देणारी होती सोलांज पेराशों, वय एकोणतीस. माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास करायला ती पॅरिसहून आली होती. त्या शास्त्राचे लांबलचक नाव झानच्या जिभेवर काही बसले नाही. तो गावात एवढेच सांगे, "बाई प्रश्न विचारते. तेच तिचं शेत." झानची सात वर्षे फ्रेंच फौजेत गेली होती, त्यातली पाच स्वयंपाकघरात. त्यामुळे त्याचे फ्रेंच पक्के होते, फक्त त्यात शिव्या जरा जास्त होत्या.

गावचा मुखिया म्हातारा त्येमोको त्राओरे. त्याच्या अंगणातली एक खोली बाईला मिळाली आणि खोलीबरोबर यजमानाचे आडनावही मिळाले. ती सोलांज त्राओरे झाली. आता त्राओरे आणि कुलिबाली यांचे नाते थट्टेचे. ही दोन आडनावे समोरासमोर आली की आधी एकमेकांची सालटी काढायची, मग ख्यालीखुशाली विचारायची. रागावला तो हरला. हे नाते पणजोबांच्या पणजोबांपासून चालत आलेले आहे, पण बाईला ते कोणी सांगितले नाही. पाणी ओले असते हे कोण कोणाला सांगतो?

पहिल्याच सकाळी म्हाताऱ्याने झानला पाहून हाक मारली.

"काय रे चवळीखाऊ! माझा गुलाम असून मला न विचारता पगार घेतोस?"

"अहो काका, तुम्हाला खुंट्यावरून सोडलं कोणी?" झान म्हणाला. "तुमच्या आजोबांना माझ्या आजोबांनी टोपलीभर चवळी देऊन विकत घेतलं. टोपली फुटकी होती, तरी सौदा महागच पडला."

"काय म्हणाले ते?" बाईने विचारले.

दुभाष्याने समोरच्याचे बोलणे सांगावे, स्वतःचे मध्ये घुसडू नये, अशी फौजेतली शिकवण. झानने इमानदारीने सांगितले, "म्हणतात, मी त्यांचा गुलाम आहे."

बाईने वहीत लिहून घेतले.

पुढचे सात महिने असेच गेले. अर्धे गाव त्राओरे. बाई दारोदार जाऊन कुलिबालींविषयी विचारी आणि दारोदार तेच उत्तर मिळे. "ते? आमचे गुलाम. दिवसभर चवळी खातात, म्हणून त्यांच्या घरावरचं छप्पर उडतं." झान प्रत्येकाला तिथल्या तिथे सव्वाशेर उत्तर देई, सगळे हसत, आणि भाषांतर मात्र एकाच बाजूचे होई.

मे महिन्याच्या अखेरीस बाईचा प्रबंध तयार झाला. गुरुवारच्या बाजाराला येणाऱ्या ट्रकने तो सेगू शहराला आणि तिथून टपालाने पॅरिसला जायचा होता. तो वेळेत पोचला तर तिला पुढच्या तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळणार होती. सोमवारी तिने कौतुकाने झानला एक पान वाचून दाखवले. तिएनबुगुतले कुलिबाली हा गुलामांचा वर्ग असून याचे एकेचाळीस तोंडी पुरावे मिळाले आहेत.

झानचा चेहरा पडला. "बाई, हे छापणार?"

"छापणार. तुमचं नाव आभारात आहे."

"बाई, ती थट्टा आहे!"

सोलांजने मायेने त्याच्याकडे पाहिले. "मला समजतं, झान. स्वतःविषयी असं कबूल करणं सोपं नसतं."

झान तिला घेऊन तडक म्हाताऱ्याकडे गेला. "काका, पाया पडतो, आज मस्करी नको. बाईला खरं काय ते सांगा."

झानचे इतके गंभीर तोंड म्हाताऱ्याने जन्मात पाहिले नव्हते. त्याला वाटले, ही आजची नवी चाल. आपण काही हरायचे नाही. तोही तितकाच गंभीर झाला. "पोरी, हा खराच गुलाम आहे. नजर ठेव. मागेही दोनदा पळाला होता."

बेचाळिसावा पुरावा झाला.

घरी न्येले हसून हसून मुसळ हातातून टाकून खाली बसली. "सात महिने तूच सांगत होतास ना? मग भोग आता!" पण हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "अरे, तोंडचं वाऱ्यावर जातं. कागदावरचं राहतं. खऱ्या गुलामांची घरं आहेत ना शेजारच्या गावात? त्यांच्या पोरींना अजून कोण मागणी घालतं? आपल्या दोन उजवायच्या आहेत."

बुधवारी सकाळी त्येमोकोच्या दोन मुलांत नांगरावरून जुंपली. थोरला सिबिरी म्हणे, आधी माझे शेत. धाकटा न्गोलो म्हणे, गेल्या साली आधी तुझेच झाले होते. बोलता बोलता सिबिरीने कुदळ उगारली. म्हातारा पाठ करून बसला, कारण बापाने कोणाची बाजू घ्यायची? गावात समेट घडवायचा मान लोहाराचा; तो समजावायला गेला आणि हात हलवत परत आला. शेवटी त्येमोकोची म्हातारी दारातून ओरडली, "अरे बघता काय! कुलिबालीला बोलवा!"

झान आला. कोणाशी न बोलता सरळ नांगरावर जाऊन बसला.

"गुलामांनो, नीट ऐका. तुमचा बाप माझा, म्हणून तुम्ही माझे, म्हणून बैल माझे आणि हा नांगरही माझा. आज न्गोलोचं शेत, परवा सिबिरीचं. ज्याला मान्य नसेल त्याने मला उचलून बाजूला ठेवावं."

थट्टेच्या नातेवाइकाला हात लावायचा नसतो आणि त्याचा शब्द मोडायचा नसतो. मोडला तर वाईट होते, हे दोघांनी दुधाबरोबर ऐकलेले. सिबिरीची कुदळ खाली आली. न्गोलोला आधी हसू फुटले. म्हातारा आतून मानाची दहा कोलाफळे घेऊन आला आणि सगळ्यांदेखत झानपुढे वाकला. "मालक, उपकार झाले. चवळीखाऊ असलास तरी."

बाई भिंतीपाशी उभी होती. "गुलामाचं ऐकलं यांनी? काय म्हणालात तुम्ही?"

झानने या वेळी स्वतःचे बोलणेही सांगितले. मग सात महिन्यांतली आपली आठवतील तेवढी उत्तरेही सांगितली, फुटक्या टोपलीपासून. सोलांज उपड्या उखळावर बसून ऐकत राहिली. मग कपाळाला हात लावून इतकी हसली की कोंबड्या उडाल्या.

"एवढंसुद्धा कळलं नाही तुला?" झान म्हणाला. "खरी चवळीखाऊ आहेस."

त्याने बाईला अगंतुगं केलेले ते पहिल्यांदाच.

गुरुवारचा ट्रक प्रबंधाशिवाय गेला. पॅरिसहून तिच्या प्राध्यापकांचे रागाचे पत्र आले आणि शिष्यवृत्ती सहा महिने थांबली. ते सहा महिने झानने पगार घेतला नाही. गुलामाकडून पगार घेतला तर मालकाची अब्रू जाते, असे तो म्हणे. प्रबंध नव्याने लिहून झाला, तो या थट्टेच्या नात्यावरच. त्याचे पुस्तक झाले, पुस्तकावर सोलांज पॅरिसात प्राध्यापक झाली. झानच्या दोन्ही मुली चांगल्या घरी पडल्या, आणि दोन्ही लग्नांत जेवणाला नावे ठेवण्याचा हक्क सोलांजने बजावला. तीस वर्षे ती दर डिसेंबरात येत राहिली. पुढे पुढे तिला दुभाषा लागत नसे, पण झान बरोबर जाईच. भांडायला कोणी नको का?

शुक्रवार, २९ जानेवारी १९९९ रोजी, निवृत्तीच्या वर्षातली शेवटची फेरी संपवून ती मायदेशी निघाली, तेव्हा सत्तरीचा झान गाडीपुढे आडवा झोपला.

"गुलाम मालकाला न विचारता निघाली! पाचशे फ्रँक टाक, मगच उठतो."

"मेलास तरी इतके कोणी देणार नाही तुझे!" सोलांज खिडकीतून ओरडली. पण अशा अडवणाऱ्याला रिकाम्या हाताने उठवत नाहीत. तिने पर्स उपडी केली. सुटे तीनशे पंचाहत्तर निघाले. झानने ते दोनदा मोजले, कपडे झटकले आणि गाडीला वाट दिली.

सोलांज त्राओरे हिच्याकडून झान कुलिबाली यास एकशे पंचवीस फ्रँक येणे बाकी आहेत.