दोन पेन्सच्या मशीनपुढे

आमच्या घरात जुगाराला थारा नव्हता. बाबा बर्मिंगहॅमला हॉस्पिटलात डॉक्टर होते. त्यांनी जन्मात लॉटरीचं तिकीट घेतलं नाही आणि वॉर्डातल्या कुणी घेतलं तर त्याला उपदेश केल्याशिवाय सोडलं नाही. दिवाळीत पत्ते निघालेच तर मेंढीकोट, तोही पैसे न लावता.

ऑगस्टमध्ये मात्र महाराष्ट्र मंडळाची सहल समुद्रावर जायची, तेव्हा बाबा स्वतः मला श्रीखंडाचा रिकामा डबा भरून दोन पेन्सची नाणी द्यायचे. किनाऱ्यावरच्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या मशीनच्या हॉलमध्ये, काचेमागे नाण्यांचा ढीग पुढेमागे सरकत असतो. आपण वरून नाणं सोडायचं आणि कडेवरची नाणी खाली पडायची वाट बघायची; पडतील ती आपली. ती आता पडणारच, असं दर वेळी वाटतं. तिथे टेडी होते, गुलाबी दिवे होते, म्हणून तो जुगार नव्हता.

आठ वर्षांची असताना मी त्या मशीनपुढे सलग दोन तास उभी राहिले. परतीच्या कोचमध्ये बाबांनी माइक घेऊन जाहीर केलं, "पोरगी जागची हलली नाही. याला म्हणतात चिकाटी." मंडळाने टाळ्या वाजवल्या. श्लोकपाठांतरात मला कधी टाळ्या मिळाल्या नव्हत्या, त्यामुळे मी ते फारच मनावर घेतलं.

पस्तिसाव्या वर्षी तीच चिकाटी मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये बसून फोनवर दाखवत होते. हॅरोत फ्लॅट घ्यायला साठवलेली रक्कम दीड वर्षात संपली. घरी सांगितलं, लंडनच्या किमती परवडत नाहीत. या विषयावर बाबांचं स्वतःचं भाषण तयार होतं, त्यामुळे त्यांनी मला पुढे काही विचारलं नाही.

मग मी जुगार सोडू बघणाऱ्यांच्या एका गटात जायला लागले. तिथे सुरुवात कुठून झाली ते सांगतात. कुणी घोड्यांची शर्यत म्हणालं, कुणी पबमधलं मशीन. मी मंडळाची सहल म्हणाले. बरंच समजावून सांगावं लागलं.

गेल्या ऑगस्टमध्ये बाबा माझ्या सात वर्षांच्या मुलीला समुद्रावर न्यायला निघाले, तेव्हा मीही गेले. पार्किंगचे पैसे भरून येईपर्यंत ती आर्केडमध्ये मशीनपुढे उभी होती. बाबा दारात मूठभर नाणी घेऊन कौतुकाने बघत होते.

"बाबा, तिला बाहेर आणा."

"अगं, टू पीचं मशीन आहे. लेट हर एन्जॉय."

"फ्लॅटचे पैसे मी जुगारात घालवले. ऑल ऑफ इट. फोनवर."

पेशंटला विचारावं तसं बाबांनी विचारलं, "केव्हापासून?"

मी मशीनपुढे उभ्या मुलीकडे बोट दाखवलं.

"आणि आता?"

"अकरा महिने बंद आहे."

"मग अशा जागी आलीस कशाला?"

काचेमागे नाणी पडल्याचा आवाज येत होता आणि मला आत जावंसं वाटत होतं. त्याची लाज वाटली.

"तिला एकटीला तुमच्याबरोबर पाठवायची भीती वाटली," मी म्हणाले.

बाबा आत गेले आणि तिला हाताला धरून घेऊन आले. "आजोबा, वन मोअर, प्लीज," म्हणून ती रडत होती. बाबाही रडत होते.