कॉम्प्युटरचा ताप पाहणाऱ्या सिस्टर

कुठल्याही वस्तूला सिस्टर आधी उलटा हात लावायच्या. दुधाचं पातेलं, टरबूज, उन्हात उभ्या एसटीचा पत्रा, शेजारणीचं नातवंड, सगळ्यांना मान सारखाच. तळहात कामानं निबर होतो, त्याला खरं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. तरी राळेगावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. त्यांच्या घराची पुढची खोली मी कॉम्प्युटर क्लाससाठी भाड्यानं घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या नव्याकोऱ्या मशीनवर त्यांनी उलटा हात टेकवला आणि म्हणाल्या, "याले ताप हाये."

मला हसू आलं आणि रागही आला. ते मशीन मी स्वतः जोडलं होतं. नागपूरहून सुटे भाग आणून, पुस्तक मांडीवर उघडं ठेवून, स्क्रू एकेक करून आवळले होते. प्रोसेसर काम करताना तापतो, त्याच्यावर बसवलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा ती उष्णता ओढून घेतो आणि ठोकळ्यावरचा पंखा ती बाहेर ढकलतो, असं मी त्यांना जरा तोऱ्यातच समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अन् किती तापला म्हंजे लय तापला?" ते मला ठाऊक नव्हतं. पुस्तकात असेल, असं म्हणून मी विषय बदलला.

सिस्टरांना विषय बदललेला चालत नसे. "आमच्या बापानं बुद्धाची दीक्षा घेतली तवा मी दहा वर्साची होती," त्या सांगायच्या. "तवापासून आमच्या घरात एकच रीत. इचारल्याबिगर काही मानायचं नाई." ही रीत त्यांनी इतकी पाळली, की भाजीवालीला वांग्याला काटे कशासाठी असतात हेही विचारून झालं होतं. मला रोज एक तरी प्रश्न असायचा. पंखा उलटा फिरला तर काय होईल? मशीन झोपतं तेव्हा त्याचा ताप उतरतो का? निम्म्या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता मीच कॉम्प्युटर शिकले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. शेताचा भरवसा उरला नव्हता, म्हणून आजूबाजूच्या गावांतल्या मुली सायकलनं टायपिंग शिकायला यायच्या. पण माझ्या क्लासला सरकारी परीक्षेचं केंद्र म्हणून मान्यता नव्हती, आणि मान्यतेवाचून त्यांच्या शिकण्याचा कागद कुठे चालणार नव्हता. मेच्या अखेरीस निरीक्षक येऊन मशीन सलग तीन तास चालवून बघणार होते. मान्यता नाही मिळाली तर क्लास बंद करून मी पुण्याला मामाकडे जायचं, असं घरी ठरलं होतं. आणि माझं मशीन भर दुपारी वीस मिनिटांत आपोआप बंद पडायला लागलं होतं.

सिस्टरांनी दवाखान्यातला थर्मामीटर आणला. मशीनला लावण्याआधीच पारा वरच्या टोकाला जाऊन बसला. "या खोलीलेच एकशेआठ ताप हाये," म्हणत त्यांनी तो झटकून परत ठेवला. मग मी त्यांना मशीन सुरू होतानाची निळी पाटी दाखवली. तिथे प्रोसेसरचं तापमान आकड्यात दिसतं. एवढं कळल्यावर त्यांनी मला सोडलंच नाही. सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा, अशा तीन वेळा मशीन बंद करून चालू करायचं आणि आकडा सांगायचा. पेशंटच्या खाटेला लावतात तसा तक्ता त्यांनी भिंतीवर लावला, त्यावर ठिपके दिले आणि ठिपके रेघेनं जोडले. मुली तक्ता बघून हसायच्या. सिस्टर म्हणायच्या, "ताप बिमारी नसते, पोरींनो. ताप निरोप असते. कोणाचा हाये, ते पाहा लागते."

माझ्या मते निरोप उन्हाचाच होता, दुसरा कुणाचा असणार! विदर्भात माणूस तापला की त्याला कूलरसमोर बसवतात. मीही तेच केलं. मशीनचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं आणि वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा कूलर थेट त्याच्या पोटात सोडला. मुली घामाघूम आणि मशीन मात्र गारव्यात. दोन दिवस आकडा उतरला. मी सिस्टरांना ऐकू जाईल अशा बेतानं गाणं गुणगुणले.

पाचव्या दिवशी त्यांनी मला तक्त्यासमोर उभं केलं. "दुपारचं सोड. सकाळचं पाह्य." सकाळी सातला खोली गार असे, कूलर रात्रभर बंद असे, तरी सकाळचा आकडा रोज चढत होता. "ऊन असतं तं सकाळी उतरलं असतं," त्या म्हणाल्या. "हे आतलं दुखणं हाये. उघड त्याले." निरीक्षक यायला तीन दिवस होते. नीट चाललेलं मशीन उघडू नये, असं मी म्हणाले. "नीट कुठं चालून राह्यलं?" एवढंच त्या बोलल्या.

उघडलं. पंखा काढला, तर त्याच्याखाली ठोकळ्यावर बोटभर जाडीची पांढरी गादी बसलेली. सिस्टरांच्या घराच्या भिंतीपलीकडे कापसातून सरकी वेगळी करणारं जिनिंग होतं. त्या वर्षी कापूस उशिरापर्यंत येत राहिला, म्हणून मे उजाडला तरी यंत्रं सुरूच होती आणि सरकीपासून सुटलेल्या रुईचे तंतू हवेत तरंगत होते. आम्हाला त्यांची इतकी सवय, की ते दिसतच नसत. पंख्यानं ते आत ओढले आणि माझ्या कूलरच्या ओलसर हवेनं ते थापून त्यांचा घट्ट नमदा करून दिला. सिस्टरांनी त्या गादीला उलटा हात लावून पाहिला. "तू याले वारा घातला अन् वरून गोधडी पांघरली," त्या म्हणाल्या. बोलण्यात टोमणा नव्हता. खरोखर नवल वाटलं होतं त्यांना.

मी कापसाचा बोळा घेऊन पुसायला बसले तर त्यांनी माझा हात धरला. "कापसानंच तं बिमार पडलं ते. गॉजची पट्टी घे." ठोकळा उचलल्यावर खाली प्रोसेसरवर मी लावलेला पांढरा लेप दिसला. उष्णता नीट वर जावी म्हणून तो लावतात. मी तो भेगाळलेल्या टाचेला लावावा तसा थापला होता. "मलम पातळ लावतात, पोरी. जाड लावलं तं मलमच आडवं येते." त्यांनी स्पिरिटनं तो पुसून काढला. नळीत उरलेला थेंबभर लेप घेतला आणि तो अगदी हलक्या हातानं पसरला. मग झाकण लावलं, हवा आत जायच्या जाळीवर गॉजची पट्टी बांधली आणि कूलरचं तोंड मुलींकडे वळवलं. पट्टी रोज सकाळी बदलायची. याला त्या ड्रेसिंगच म्हणायच्या. तक्त्यावरची रेघ दुसऱ्याच दिवशी खाली आली.

निरीक्षक आले त्या दिवशी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मशीन तीन तास चाललं, एकदाही अडलं नाही. निरीक्षकांनी जाळीवरची पट्टी बघितली, भिंतीवरचा तक्ता बघितला आणि फॉर्म भरता भरता विचारलं, "फार छान सांभाळलंय. हे सगळं कुणी केलं?" सिस्टर दारात पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. म्हाताऱ्या नर्सबाई मशीन बघतात असं सांगितलं तर हे हसतील आणि मान्यता हातची जाईल, अशी मला भीती वाटली. मी म्हणाले, "मीच, सर." सिस्टरांनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं आणि त्या आत गेल्या.

मान्यता मिळाली. क्लास वाढला, मशीनं वाढली, त्या पूर्वीसारख्याच येऊन प्रश्न विचारत राहिल्या. त्या दिवसाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही. दोन वर्षांनी त्यांचा मुलगा त्यांना कायमचं उमरखेडला न्यायला आला. मी स्टॅन्डवर पोचवायला गेले. गाडीत बसल्यावर त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, तेव्हा एकदाचं माझ्या तोंडून निघालं, "सिस्टर, त्या दिवशी मी तुमचं नाव सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी लगेच ओळखलं, कुठला दिवस ते. "पस्तीस वर्स ताप मी पाह्यला अन् कागदावर सही डाक्टरसायबाची," त्या म्हणाल्या. "त्याचं कधी वाईट नाई वाटलं मले. पण तू तं आपली होती ना वं."

कंडक्टरनं घंटी दिली. त्यांच्या फराळाची पिशवी अजून माझ्याच हातात होती. गाडी हलली तशी मी दोन पावलं धावून ती खिडकीतून आत दिली.