आईंचा निद्रामंत्र

माझे धाकटे दीर कवळ्या बनवतात. दातांच्या डॉक्टरांकडून साचे आले की भावजी त्यावर दात बसवतात, मध्ये निळा कागद धरून कुठे उंच लागतंय ते बघतात आणि तेवढंच घासतात. उरलेल्या प्लास्टरच्या त्यांनी बाहुल्या केल्या आहेत: तलवारवाला योद्धा, टोपीवाली जादूगारीण, वाकलेला चोर आणि काही राक्षस. राक्षसांना नापास झालेले दात बसवलेत.

रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसलं की खेळ मांडला जातो. भावजी गोष्ट सांगतात, आम्ही त्यातली माणसं होतो आणि घाव लागला की हुकला ते फासा ठरवतो. सासरे योद्धा, सासूबाई जादूगारीण, मी चोर. बापलेकाचं एरवीचं बोलणं "पंखा बंद कर" इथवरच. टेबलावर मात्र बाबा "काप त्याला!" म्हणून ओरडतात आणि भावजींचा चेहरा खुलतो.

गेल्या महिन्यात खेळात आईंना निद्रामंत्र मिळाला आणि घोटाळा झाला. राक्षस दिसला की आई चष्मा सारखा करून म्हणायच्या, "निजला." लढाई संपली.

"मग मी काय करायचं?" बाबा.

"तुम्ही पिशव्या धरा."

भावजींनी योद्ध्याला मोठी तलवार दिली, चिलखत दिलं, वर घोडा दिला.

"घोडाही निजवू का?" आईंनी विचारलं.

बाबांनी फासा खाली ठेवला. "पुढच्या रविवारपासून मी नाही. माझी खुर्ची कपडे टाकायला घ्या."

आठवडाभर भावजींचं जेवणात लक्ष नव्हतं. "वहिनी, एक दात उंच लागला तर बाकीचे वाढवून चालत नाही. तोच घासावा लागतो."

"मग घासा."

"आईला सांगणार कोण?"

"माझ्याकडे बघू नका. मी सून आहे."

रविवारी बाबा खरंच पेपर घेऊन बाल्कनीत बसले, आमच्याकडे पाठ करून. भावजींनी घसा खाकरला. "आई, मंत्र आता दिवसातून एकदाच."

"का? स्वयंपाक एकदाच केलेला चालेल तुला?"

मी तेव्हा आतल्या खोलीत लेकीला निजवत होते. दार उघडंच होतं. तिच्या पाठीवरचा हात अलगद काढला, दोन पावलं टाकली, आणि बाईसाहेब कुंईकुंई करून उठल्या. पुन्हा आडवी झाले. भावजी माझ्याकडे बघत राहिले.

"आई, मंत्र आहे तसाच ठेव," ते हळूच म्हणाले. "फक्त ज्याला निजवशील त्याच्यापाशी बसायचं, हात ठेवून. हात काढलास की उठणार तो."

आई भांडायच्या तयारीत होत्या, पण थांबल्या. "तू अस्साच होतास. हात बधिर व्हायचा माझा." मग मान हलवली. "हा नियम बरोबर आहे."

लेक निजल्यावर मी येऊन बसले. आईंनी पहिला राक्षस निजवला. लगेच मागच्या दारातून दुसरा आला. मी चोर, मला नुसती कुलपं उघडता येतात.

"अहो!" आईंनी बाल्कनीकडे हाक मारली. "या ना इकडे. माझा हात अडकलाय."

"पिशव्या कोण धरणार?"

"मी धरते. या तुम्ही!"

बाबा आले. पेपरची घडी घातली, खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या. "काप त्या..."

"शू!" आई म्हणाल्या. "हा उठेल."

फासा वाजू नये म्हणून बाबांनी टेबलावर नॅपकिन अंथरला. मग वर बघून लेकाच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले, "पंखा बंद कर. फार घरघरतोय."