पावतीवरच्या कैलासवासी बाई

पुंडलिकभाऊंना दुसऱ्याच्या कागदांत नाक खुपसायला भारी आवडतं. ते स्वतःच तसं कबूल करतात, म्हणून सांगते, नाहीतर मला काय पडलंय! रोह्याच्या एका कंपनीत त्यांनी हिशेबखात्यात बावीस वर्षं काढली. कंपनीनं ते खातंच गुंडाळलं, तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी पेणच्या एसटी स्टँडमागे एक गाळा भाड्यानं घेतला आणि बाहेर पाटी लावली, ‘कर सल्लागार’. रोज सकाळच्या गाडीनं रोह्याहून यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. त्यांची बायको अनिता म्हणते, या माणसाला पेपर नको, लोकांची बिलं आणून द्या. खरंच आहे ते. गणपतीच्या कारखानदाराचं रंगाचं बिल बघून भाऊ सांगतात, यंदा गिऱ्हाइकांनी पीतांबर पिवळा मागितला की डाळिंबी.

पेणमध्ये कर सल्लागाराचं वर्ष सरकारच्या वर्षाप्रमाणे चालत नाही. मार्चमध्ये कोणी फिरकत नाही. जुलैत विवरणपत्राची शेवटची तारीख आली तरी उत्तर एकच, गणपती जाऊंदे, मग बसू. गणपती गेले की सगळे एकदम दारात. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीत कागदांचा नुसता चिवडा. त्याच सुमाराला संस्थांच्या ऑडिटची तारीखही डोक्यावर येते. भाऊ चिडतात, बोलतात, दंडाची भीती घालतात. पण पिशवी टेबलावर उलटी केली की त्यांचा चेहरा खुलतो.

त्या वर्षी हैबतराव आले ते असेच घाईला. खाडीकाठच्या गावांसाठी चालणाऱ्या एका रुग्णसेवा मंडळाचे ते चिटणीस. मंडळाचा कारभार केवढा, तर एक रुग्णवाहिका. तीसुद्धा गेल्या वर्षीच्या आषाढापासून गिअरबॉक्स फुटून हैबतरावांच्या अंगणात उभी. आजारी माणसाला पेणला आणायचं तर मालाच्या टेम्पोत गादी टाकून. गिअरबॉक्सपुरते पैसे देणग्यांतून जमले होते, ऑडिट झालं की काम सुरू करायचं होतं.

भाऊंनी पावतीपुस्तक उघडलं. पहिली पावती, कै. गुणाजी. दुसरी, कै. धोंडुबाई. भाऊ पानं उलटत गेले. एकसष्ट पावत्या आणि एकसष्टही देणगीदार कैलासवासी! मसणात जाऊन वर्गणी गोळा केलीत का, असं त्यांनी हैबतरावांना विचारलं.

हैबतरावांना त्यात नवल वाटलं नाही. खाडीकाठी आपल्या नावानं दान कोणी करत नाही, तो मोठेपणा मिरवणं झालं. गेलेल्या माणसाच्या नावानं द्यायचं, पावतीही त्याच्याच नावानं फाडायची. आणि देणारा ओळखीचा नसला, तरी तुझं नाव काय असं विचारायचं नाही. ते तर फारच वाईट दिसतं. हैबतरावांच्या वडिलांनी असंच पुस्तक लिहिलं होतं.

ऑडिटवर सही करणारा सीए म्हणजे आदेश, वयानं तिशीचा, बोलायला रोखठोक. त्यानं पुस्तक चाळलं आणि बंद केलं.

“काका, मेलेला माणूस देणगी देऊ शकत नाही. कायद्याच्या लेखी या सगळ्या निनावी देणग्या.”

निनावी देणगी एक लाखापर्यंत चालते, त्यावरच्या रकमेवर तीस टक्के कर. जमले होते चार लाख, म्हणजे नव्वद हजार जाणार आणि रुग्णवाहिका अंगणात गंजणार. यातून सुटायची वाट एकच होती, ऑडिटच्या तारखेआधी खरा देणारा शोधायचा, त्याचं नाव, पत्ता आणि सही आणायची. हातात आठ दिवस होते.

दुसरा कोणी असता तर त्यानं कपाळाला हात लावला असता. भाऊंनी अनिताला फोन करून सांगितलं की आठवडाभर उशीर होईल, तेव्हा त्यांच्या आवाजात उत्साह मावत नव्हता. एकसष्ट मेलेली माणसं आणि प्रत्येकामागे एक जिवंत! त्यांनी एक तक्ता छापून घेतला. त्यात दोन ओळी, वरची ‘देणाऱ्याचे नाव’, खालची ‘कोणाच्या स्मरणार्थ’. मग हैबतरावांच्या स्कूटरवर मागे बसून ते निघाले.

मूर्तिकारांच्या जोहे गावात गुणाजी सापडले. म्हणजे त्यांचा नातू अक्षय सापडला. गुणाजी मूर्तींचे डोळे आखायचे. अक्षय आता तेच काम करतो आणि हंगामातली पहिली गाडी भरली की आजोबांच्या नावानं पैसे देतो. त्यानं सही केली. मग भाऊंनी विचारलं की आधी उजवा डोळा आखतात की डावा, आणि त्यात अर्धा तास गेला. हैबतराव बाहेर हॉर्न वाजवून दमले. असं घरोघरी चाललं. कोणी आईच्या नावानं दिलेलं, कोणी सासऱ्याच्या, तर एकानं चक्क भांडलेल्या भावाच्या नावानं, तो जिवंत असताना त्याच्याशी बोलणं राहून गेलं म्हणून. सातव्या दिवशी साठ सह्या झाल्या.

राहिली एक पावती. कै. गिरजाबाई काळुराम, धरमतरच्या बाजूची मिठागरवस्ती. रक्कम एक लाख ऐंशी हजार. सगळ्यांत मोठी तीच, आणि ती निनावी राहिली तर एकट्या तिच्यावर चोवीस हजार कर. तेवढे गेले की गिअरबॉक्स राहिला. हैबतरावांना एवढंच आठवत होतं की एक म्हातारी फडक्यात बांधून पैसे घेऊन आली होती. आईच्या नावानं देत असेल असं समजून त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, पुढं काही विचारलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी दोघं वस्तीवर पोचले. नळावर एक माणूस पाणी भरत होता. कैलासवासी गिरजाबाईंचे कोणी नातेवाईक इथे राहतात का, असं भाऊंनी अदबीनं विचारलं. तो बघतच राहिला.

“मेली? कवा? आता तर हंड्यावरनं माझ्याशी भांडून गेली.”

शेवटच्या घराच्या ओट्यावर गिरजाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, सुकलेल्या, पण नजर तेज. हैबतरावांनी त्यांना लगेच ओळखलं आणि ओशाळून मान खाली घातली. भाऊंनी पावती दाखवली आणि न राहवून विचारलं की मावशी, जिवंतपणी आपल्या नावामागे कैलासवासी का लावलं?

गिरजाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. नवरा काळुराम मिठागरावरच गेला, मूलबाळ नाही. हातात सोन्याच्या दोन पाटल्या होत्या. आपल्या मागे दिवसकार्य नीट व्हावं म्हणून जपलेल्या. गेल्या पावसात शेजारणीला टेम्पोत घालून नेलं, ती पेणला पोचलीच नाही. तेव्हा त्यांनी पाटल्या मोडल्या.

“माझं दिवस कोन घालनार? ती गाडी चालू झाली म्हंजे तेच माझं दिवस. आनि मेल्यावर माझ्या नावानं कोन पावती फाडनार? म्हनून आधीच फाडून ठेवली.”

आठ दिवस भाऊ लोकांची माणसं मजेनं शोधत फिरले होते, आणि आता त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी तक्ता पुढं केला आणि हळूच समजावलं की वरच्या ओळीत तुमचं नाव लागेल, तुम्ही हयात आहात, तेव्हा खालची ओळ आज भरता येणार नाही. गिरजाबाई त्या रिकाम्या ओळीकडे बघत राहिल्या.

“ती मग कोन भरनार?”

“मी भरेन, मावशी.”

त्यांनी भाऊंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भाऊ अठ्ठावन्नचे, पोट सुटलेलं, ओटा चढतानाच धाप लागलेली.

“आनि तू आधी गेलास तर?”

हैबतरावांना हसू आवरेना, मग गिरजाबाईही हसल्या. साक्षरता वर्गात शिकलेली सही त्यांनी सावकाश, एकेक अक्षर दाबून केली.

दुपारी आदेशनं तक्ता तपासला. साठ जणांच्या दोन्ही ओळी भरलेल्या, फक्त एकसष्टावी नोंद अर्धी. खालची ओळ का रिकामी, असं त्यानं विचारलं. भाऊंनी सगळं सांगितलं, गिरजाबाईंचा शेवटचा प्रश्नसुद्धा. सांगता सांगता त्यांनी स्वतःची डायरी काढली. तिच्या पहिल्या पानावर वर्षभराच्या मुदती असतात, विवरणपत्र, ऑडिट, नूतनीकरण, प्रत्येकीपुढे तारीख. सगळ्यांच्या खाली त्यांनी लिहिलं, ‘गिरजाबाई काळुराम, दुसरी ओळ भरणे’. पुढची तारखेची जागा कोरी ठेवली.

आदेशनं ऑडिटवर सही करून शिक्का मारला. मग त्यानं स्वतःची डायरी उघडली, भाऊंची आपल्याकडे ओढली आणि ती शेवटची नोंद जशीच्या तशी उतरवून घेतली.